पत्रा गळतोय, सांगायचं कुणाला?

इंजिनीअरिंगचे कॅप राउंड आणि पाऊस दोन्ही बरोबरच येतात. अलॉटमेंट लेटर हातात पडलं की यवतमाळ, नांदेड, जळगाव अशी कुठकुठून निघालेली पोरं मंचरच्या एसटी स्टँडवर उतरतात. पाठीवर सॅक, हातात गादीची वळकटी. संध्याकाळ व्हायच्या आत अवसरीत खोली फायनल. बघितलेलं काय असतं? भाडं, डिपॉझिट, मेस किती लांब, रेंज येते का. वर छताकडे कुणी मान करत नाही. खरं तर खोली बघायला भर पावसासारखा मुहूर्त नाही, भिंत स्वतःच सगळं सांगत असते. पण आपल्याला घाई असते, आणि खोली गेली तर दुसरी मिळणार नाही ही भीती असते. मग रात्री पहिली मोठी सर येते, पत्र्याच्या हुकापाशी थेंब जमतो आणि बादली उशाशी येऊन बसते.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मंडळींचं उलटं. ती उन्हाळ्यात खोली बदलतात. तेव्हा ताजा रंग मारलेला असतो, पोपडे खरवडून त्यावर चुना फिरवलेला असतो आणि सगळं कसं छान कोरडं असतं.

अवसरी खुर्दला २००९ मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं, शेजारी पॉलिटेक्निकही आहे. होस्टेलला ज्यांचा नंबर लागत नाही किंवा ज्यांना तिथं राहायचं नसतं, ते अवसरी खुर्द, अवसरी बुद्रुक आणि मंचरमध्ये पांगतात. हा सगळा पट्टा मुळात बटाटा, कांदा आणि उसाचा. भीमाशंकर साखर कारखाना जिथं आहे त्या पारगावचं नाव कागदोपत्री आजही ‘पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक’ असं लिहितात, एवढा या गावाचा जुना मान. आता बांधावरच्या घरांना मागच्या बाजूनं दोन-चार खोल्या जोडलेल्या दिसतात. बाजारभाव पडला तरी महिन्याच्या महिन्याला पैसे देणारं हे नवं पीक. विद्यार्थीच नाही, कारखान्यातले कामगार, बँकेतले, शाळेतले शिक्षक असे सगळेच या खोल्यांत राहतात.

तक्रारी सगळीकडे साधारण सारख्याच. पत्रा गळतो. स्लॅब असेल तर पाझरतो आणि कपाटामागची भिंत हिरवी पडते. मोटर जळते, मग चार दिवस टाकीत पाणी नाही. बोर्डाला हात लावला की मुंग्या येतात, कारण अर्थिंग नावाचा प्रकारच नाही. दाराचा कोयंडा उचकटलेला. आणि बाथरूम बाहेर, अंगणाच्या त्या टोकाला, तिथला बल्ब गेलेला.

हा शेवटचा मुद्दा शहरातल्या वाचकाला किरकोळ वाटेल. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत उसाच्या फडात बिबट्या राहतो, हे इथं वेगळं सांगावं लागत नाही. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते उगीच नाही. रात्री दहा वाजता ऊस लागून असलेल्या अंगणातून अंधारात बाथरूमला जायचं असेल, तर पन्नास रुपयांचा बल्ब आणि दाराला धड कडी ही सोय राहत नाही, सुरक्षिततेची गोष्ट होते. मुलींच्या बाबतीत तर दोन्ही अर्थांनी.

ओल हीसुद्धा ‘दिसायला वाईट’ एवढीच गोष्ट नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल शहरात अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा २०२० च्या डिसेंबरमध्ये वारला. घरातल्या बुरशीमुळं त्याला श्वसनाचा आजार झाला होता, असं पुढं चौकशीत निष्पन्न झालं. वडील घर देणाऱ्या संस्थेकडं तक्रारी करून थकले होते. त्याच्या नावानं तिथं कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहसंस्थांना जिवावर बेतेल असा धोका २४ तासांत दूर करणं बंधनकारक झालं. आपल्याकडं भिंतीला बुरशी आली की पोरं त्यावर पोस्टर चिकटवतात.

तक्रार केल्यावर काय होतं? बहुतेक वेळा ‘बघू’. मग ‘पाऊस उघडला की बघू’. पाऊस उघडला की गळतीच थांबते, मग बघायचं काय? पुढच्या जूनपर्यंत आपण खोली सोडलेली असते आणि तीच बादली पुढच्या बॅचच्या उशाशी जाते.

मालकाची बाजूही सांगायला हवी. अवसरी बुद्रुकमधल्या आमच्याच घराच्या वर दोन खोल्या भाड्यानं दिलेल्या आहेत, त्यामुळं ती मी जेवताना ऐकतच मोठी झालेय. पोरं नळ सोडून कॉलेजला जातात, एका खोलीत दोन सांगून पाच राहतात, हॉट प्लेट लावून वायरिंग जाळतात आणि सोडून जाताना शेवटचं लाइट बिल ठेवून जातात. यात खोटं काही नाही. पत्र्याचं काम करणारा माणूस ऐन पावसाळ्यात मिळत नाही, हेही खरं. पण मला नेहमी एक प्रश्न पडतो: नळ सोडून जाणाऱ्या पोराचा आणि गळणाऱ्या पत्र्याचा संबंध काय? घरमालक मंडळी दोन्ही हिशेब एकाच वहीत मांडतात. भाडेकरूही तेच करतात, गळतीचा राग भाडं थकवून काढतात. आणि कुणाचं काम कुठलं हे आधी ठरलेलंच नसल्यामुळं दोघांनाही आपलंच बरोबर वाटत राहतं.

कायदा कुठपर्यंत येतो?

भाडेकरूनं दुरुस्तीसाठी भांडायचं, हे महाराष्ट्राला नवं नाही. मुंबईनं त्यात पिढ्या घालवल्यात. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं तिथली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरू वाचला, पण त्या भाड्यात मालकाला चाळीचा जिनाही दुरुस्त करणं परवडेना, किंवा परवडत नाही असं म्हणायला त्याला कारण मिळालं. चाळी पडायला लागल्या. शेवटी १९६९ मध्ये वेगळा कायदा करून दुरुस्ती मंडळ काढलं गेलं आणि या इमारतींवर उपकर बसवला. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या सुमारे १९ हजार इमारती त्यात आल्या. आज ते मंडळ म्हाडाकडे आहे आणि दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. तरीही ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसं गेली. म्हणजे तिथंही सगळं आलबेल नाही. पण मुंबईच्या भाडेकरूला निदान जायला एक दार आहे, मंडळ आहे, यादी आहे.

सध्याचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्याचं कलम १४ वाचलं तर आपल्याला हवं ते सगळं त्यात आहे. घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक. त्यानं हयगय केली तर भाडेकरूनं किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. तरी काही झालं नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा, फक्त वर्षाला एकूण भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. कलम २९ सांगतं की पाणी, वीज, जिन्यातला दिवा अशा गोष्टी मालकानं कारण नसताना तोडायच्या नाहीत.

मग अडचण काय? एक तर कलम १४ मध्ये ‘विरुद्ध करार नसेल तर’ अशी पुस्ती आहे. म्हणजे करारात ‘सर्व दुरुस्ती भाडेकरूची’ असं छापलेलं असेल आणि तुम्ही न वाचता सही केली असेल, तर विषय संपला. दुसरं, हा कायदा सगळ्या महाराष्ट्राला सरसकट लागू नाही. त्याच्या परिशिष्टांत जी गावं-शहरं दिली आहेत तिथंच तो चालतो आणि तो भर मुळात शहरांवर आहे. खेडेगावात खोली घेतली असेल तर गावाचं नाव त्या यादीत आहे का, हे आधी बघायचं. तिसरं, विद्यार्थ्यांना दिला जातो तो बहुतेक वेळा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार. त्यात तुम्ही भाडेकरू नसता, परवानाधारक असता. भाडेकरूला मिळणारं संरक्षण त्या एका शब्दानं गळून पडतं. अर्थात कागदावर काय नाव दिलं यापेक्षा खोलीचा ताबा प्रत्यक्षात कुणाकडं होता हे बघावं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९५९ मध्येच म्हटलंय. पण त्यासाठी कोर्टात जावं लागतं, आणि सेमिस्टर सहा महिन्यांचं असतं.

यादीत नसलेल्या गावात उरतो तो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. इंग्रजांच्या काळातला, तरी अजून चालू. त्याच्या कलम १०८ नुसार, जी दुरुस्ती मालकानं करणं बंधनकारक आहे ती त्यानं सूचना देऊनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. इथं एक चतुर्थांशाची मर्यादा पण नाही. ऐकायला भारीच. पण ‘बंधनकारक आहे ती’ या तीन शब्दांत मेख आहे. दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे असं हा कायदा स्वतःहून म्हणत नाही. ते ठरतं करारानं. करारात काही नाही, तर बंधनही नाही.

एक गोष्ट मात्र कराराशिवायही मालकाला टाळता येत नाही. सहज बघून लक्षात येणार नाही असा मोठा दोष मालकाला माहीत असेल तर त्यानं तो आधी सांगायला हवा. लायसन्स असलं तरी जिवाला धोका होईल असा दोष लपवायचा नाही, हे १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्यात आहे. गिझरला शॉक लागतो हे मालकाला ठाऊक होतं आणि त्यानं सांगितलं नाही, हे ‘लक्षात राहिलं नाही’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

तर शहरात जे कायदा तुमच्या वतीनं बोलतो, ते गावात तुम्हाला स्वतः कागदावर बोलून घ्यावं लागतं. तेही खोली घेताना. नंतर नाही.

कागदावर काय लिहायचं?

‘अकरा महिन्यांचा करार’ हा शब्द आपल्याकडं मंत्रासारखा चालतो. त्यामागचं कारण साधं आहे: एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्यानं नोंदवावाच लागतो, तो खर्च वाचवायला अकरा महिने. भाडे नियंत्रण कायदा जिथं लागू आहे तिथं ही पळवाट चालत नाही. तिथं करार एका महिन्याचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते आधी खरं धरलं जातं. आणि हो, नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. स्टॅम्प पेपरवर नोटरी केली की झालं, असं मालक आणि भाडेकरू दोघंही समजून चालतात.

गावात नोंदणीचा आग्रह कुणी धरत नाही, पण ती काही डोंगर पोखरण्यासारखी गोष्ट नाही. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर आधार आणि अंगठा देऊन घरबसल्या होते. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. समजा भाडं ३ हजार आणि डिपॉझिट ६ हजार, तर अकरा महिन्यांचं शुल्क शंभर रुपयांच्या घरात येतं. नोंदणी फी आणि किरकोळ खर्च धरून तिघा-चौघांत वाटलं तर एका पिझ्झापेक्षा कमी.

नोंदणी नाहीच जमली तर साध्या कागदावर का होईना, दोघांच्या सह्यांनी लिहून घ्या. काय लिहायचं याचा तयार नमुना केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. हा कायदा म्हणजे नमुनाच. राज्यानं स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही आणि महाराष्ट्रात अजून १९९९ चाच चालतो. पण त्यातली दुरुस्तीची वाटणी आयती उचलण्यासारखी आहे. इमारतीची मूळ दुरुस्ती, भिंतींना चुना-रंग, पाण्याचे पाइप, आतलं-बाहेरचं वायरिंग हे मालकाचं. नळाचा वॉशर, तुंबलेलं गटार, बटणं आणि सॉकेट, कुलूप-कडी, खिडकीची काच हे राहणाऱ्याचं. बघा, कडी तुमच्याकडं येते! म्हणून खोली घेतानाच ती धड आहे का हे बघायचं, मोडकी असेल तर ‘मालक बसवून देतील’ असं लिहून घ्यायचं. डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं, असंही त्यात आहे.

घासाघीस करताना पोरं भाड्यात दोनशे कमी करायला तासभर घालवतात. त्यातली पाच मिनिटं ‘छत, वायरिंग, मोटर आणि पाण्याची लाइन मालक दुरुस्त करतील, कळवल्यापासून इतक्या दिवसांत’ या एका ओळीला दिली तर पुढचं वर्ष बदलतं. काका-मावशी म्हणून एकदा नातं जुळलं की असं लिहून मागणं ऑकवर्ड वाटतं, हे मला कळतं. ‘विश्वास नाही का?’ असं कुणी विचारेलही. पण त्याच कागदात लाइट बिल वेळेवर भरू, ठरल्यापेक्षा जास्त माणसं ठेवणार नाही हेही लिहा. मग तो कागद मालकालाही हवासा वाटतो. निदान आमच्या घरी तरी वाटला असता.

आत राहायला गेलोय, आता काय?

फोटो काढा. सामान लावायच्या आधी, पहिल्याच दिवशी. छत, कोपरे, बोर्ड, बाथरूम, दार. ते मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ठेवा, म्हणजे तारीख आपोआप पडते. मोबाइलमधला असा पुरावा कोर्टात चालतो, त्याला ठरावीक प्रमाणपत्र जोडावं लागतं इतकंच. डिपॉझिट परत घेताना ‘ही भेग तुम्ही पाडली’ हा वाद तिथंच मिटतो.

गळती सुरू झाल्यावर तोंडी सांगाच, पण त्याच दिवशी मेसेजही करा. दोन-तीनदा सांगून काही हललं नाही तर साधं पत्र लिहून स्पीड पोस्टनं, पोहोच पावती मागून पाठवा. मालक त्याच घरात खाली राहतो आणि आपण त्याला पोस्टानं पत्र पाठवायचं, हे विचित्र वाटेल. तरी पाठवा. त्याला वकिली भाषा लागत नाही. एवढं पुरतं:

‘मी आपल्या घरातील मागच्या बाजूच्या खोलीत १ ऑगस्टपासून भाड्याने राहतो. भाडे नियमित दिले आहे. १२ ऑगस्टपासून छत दोन ठिकाणी गळते व बोर्डात पाणी उतरते. याबाबत आपणांस तीन वेळा कळवले आहे. फोटो सोबत जोडले आहेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती करून द्यावी, ही विनंती.’

भाडं मात्र थांबवू नका. रागाच्या भरात सगळे आधी तेच करतात आणि तिथंच आपली बाजू पडते. भाडं यूपीआयनं द्या, रोख दिलं तर पावती घ्या. स्वतः दुरुस्ती करून पैसे वळते करायचे असतील तर करारात तशी ओळ आहे का ते आधी बघा, पत्र्यावाल्याचं बिल घ्या आणि किती खर्च येणार ते मालकाला आधी लिहून कळवा.

बोर्डात पाणी उतरत असेल तर पंधरा दिवस थांबायचं नाही. मेन स्विच बंद करायचा आणि वायरमन आणायचा. मीटरपर्यंत किंवा खांबावर बिघाड असेल तर महावितरणला १९१२ वर कळवता येतं; मीटरच्या पुढचं वायरिंग घरमालकाचं.

धोकाही सांगते. तक्रार केली म्हणून ‘पटत नसेल तर खोली सोडा’ असं ऐकावं लागू शकतं. महिन्याच्या तोंडी व्यवहारात मालक १५ दिवसांची नोटीस देऊन खोली रिकामी करायला सांगू शकतो आणि कायद्यानं त्याला फारसं अडवता येत नाही. पण नोटीस न देता सामान बाहेर टाकणं, कुलूप बदलणं, धमकावणं हे त्याला करता येत नाही. असं झालं तर मंचर पोलीस ठाण्यात जा. गळका पत्रा हा पोलिसांचा विषय नाही, कुलूप ठोकून बाहेर काढणं होऊ शकतं. शक्यतो एकट्यानं तक्रार करू नका. चारही खोल्यांचं छत एकच असतं, तर पत्रावरही चार सह्या असाव्यात. चौघांना एकदम काढायचं तर मालकालाही चार खोल्या रिकाम्या ठेवाव्या लागतात.

एवढं करूनही अडलं तर वकील लागतो, आणि त्यासाठी घरून पैसे मागवावे लागतातच असं नाही. १९८७ च्या कायद्यानं मोफत विधी सहाय्य मिळतं. मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांचं वार्षिक उत्पन्न महाराष्ट्रात ३ लाख रुपयांच्या आत असावं लागतं. देशभराची हेल्पलाइन १५१००. आंबेगाव तालुक्याचं कोर्ट घोडेगावला आहे, तालुका विधी सेवा समिती तिथंच. अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. दावा न लावता दोन्ही बाजूंना बोलावून समेट करून देणं हेही त्यांचं काम आहे, आणि चार-पाच हजारांच्या पत्र्यासाठी तेच बरं. जाताना करार असेल तर तो, भाड्याचे स्क्रीनशॉट, पहिल्या दिवसाचे फोटो आणि स्पीड पोस्टची पावती बरोबर घ्या. मंचरहून भीमाशंकरकडं जाणारी एसटी घोडेगाववरूनच जाते.